यादीत नसलेली गाडी

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला सहाव्या गल्लीतल्या पुखराजशेठच्या शेडमध्ये एक बाई बोलली. पाठोपाठ एक माणूस ओरडला. नंतर नुसती इंजिनाची गुरगुर.

शेडमध्ये बाई नव्हतीच. होता एकटा चुडामणभाऊ, शेठचा ड्रायव्हर. शेडच्या जाळीच्या दाराला आतून कडी होती. गल्लीतली पोरं गाडीला हात लावायला आत घुसायची, म्हणून तो कायम आतून कडी घालायचा.

ओरडणं ऐकून शेठ धावत आले. कडी तुटेना, म्हणून माझ्या वडिलांना बोलावणं आलं. माझे वडील म्हणजे गिरधर मिस्त्री, पारोळा रोडवरच्या गॅरेजचे. मी त्यांना नाना म्हणते. शनिवारची अर्धी शाळा सुटली होती, म्हणून मी गॅरेजवरच होते. नानांनी पहार उचलली आणि मी त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर उडी मारली. "तू नको येऊ" असं ते म्हणाले, पण चालत्या सायकलवरून मला उतरवणार कोण?

कडी तुटली. मी आत पाहिलं आणि मला वाटलं, खरंच आले नसते तर बरं झालं असतं.

पांढरी गाडी मागच्या भिंतीला टेकली होती. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये चुडामणभाऊ उभा होता. पडायलासुद्धा जागा नव्हती, म्हणून उभा. डोळे मिटलेले. दसऱ्याचा झेंडूचा हार अजून बॉनेटवर होता. ड्रायव्हरचं दार सताड उघडं होतं, सीट रिकामी होती आणि इंजिन चालू होतं. गाडी अजून मागे जायला बघत होती. कुणीच चालवत नव्हतं आणि ती एका माणसाला हळूहळू भिंतीत दाबत होती.

नानांनी आत वाकून चावी फिरवली. 

"शेठ, इकडे या," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "हे बघा. हँडब्रेक ओढलेला आहे. आणि दांडी P वर आहे."

P म्हणजे उभी. या गाडीला आपल्या गाड्यांसारखे गिअर नव्हते, नुसती एक दांडी होती. D वर टाकली की पुढे, R वर टाकली की मागे आणि P वर टाकली की दगडासारखी उभी.

दांडी P वर होती. गाडी मागे गेली होती. आणि शेडला आतून कडी होती.

२

आता या गाडीबद्दल सांगायलाच पाहिजे.

पुखराजशेठ आठ वर्षं मस्कतला होते. परत येताना त्यांनी तिथे वापरलेली आपली गाडी बोटीतून आणली. कस्टमचे सगळे कागद रीतसर होते. गाडी 'ताकाओ' कंपनीची, जपानात जपानी लोकांसाठी बनवलेली, तिथून सेकंडहँड मस्कतला गेलेली, आणि मग धुळ्याला! मार्च महिन्यात ती आग्रा रोडवरून पहिल्यांदा गेली तेव्हा चहाच्या टपरीवरचे लोक ग्लास हातात धरून उभे राहिले होते.

आणि ती बोलायची. खरंच! डॅशबोर्डच्या आतून एक बाई बोलायची, गोड आणि थंड, जपानी भाषेत. दार उघडं राहिलं की म्हणायची, "दोआ गा आइते इमास." हँडब्रेक ओढलेला असताना गाडी हलली की म्हणायची, "पाकिंगु बुरेकी ओ मोदोश्ते कुदासाइ." अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. पण कोणतं वाक्य कधी येतं, हे नानांनी एका रविवारी दारं उघडून-मिटून, ब्रेक ओढून-सोडून शोधून काढलं होतं. मी तिचं नाव कुदासाबाई ठेवलं. तिची नक्कल मी इतकी हुबेहूब करते की आमच्या वर्गात गॅदरिंगपेक्षा तिलाच जास्त मागणी आहे.

ऑगस्टपासून गाडीच्या दांडीत काहीतरी ढिलं वाटायला लागलं. "खाली एक छोटं रबराचं बुश असतं, ते झिजलंय," नाना म्हणाले. "तसलं इथं मिळणार नाही. कंपनीकडंच मागावं लागेल."

आणि ताकाओ कंपनी त्याच वर्षी भारतात आली होती. जळगावला तिचं शोरूम निघालं होतं, काचेचं, चकचकीत. मग सत्तावीस सप्टेंबरला आम्ही गाडी घेऊन जळगावला गेलो. आम्ही म्हणजे नाना, चुडामणभाऊ आणि मी. सुरतेच्या प्लेगच्या भीतीनं शाळेला सुट्टी दिली होती. निघण्याआधी नानांनी गॅरेजच्या पावती पुस्तकात पेन्सिलीनं बुशचं नाव आणि माप लिहिलं, पावती फाडली आणि खिशात ठेवली. नाना सगळं पेन्सिलीनंच लिहितात. पेन्सिल कानावर आणि कार्बन पुस्तकात, हे त्यांचं ठरलेलं.

शोरूमच्या फाटकावरच आम्हाला अडवलं. आतून एक साहेब आला. प्लेगमुळे त्यानं तोंडाला पांढरा रुमाल बांधला होता, त्यामुळे नुसते डोळे दिसत होते. त्यानं गाडीचा नंबर एका यादीत शोधला. मग यादी मिटली.

"ये गाड़ी हमारी नहीं है।"

"साहेब, तुमचीच की!" चुडामणभाऊ हसला. "हे बघा ना, कपाळावर तुमचंच नाव शे."

"कंपनी ने ये गाड़ी इंडिया में बेची नहीं। हमारी लिस्ट में इसका नंबर नहीं। नंबर नहीं तो पार्ट नहीं, सर्विस नहीं, कुछ नहीं। हमारे लिए ये गाड़ी है ही नहीं।"

नानांनी पावती पुढे केली. "नुसतं एक बुश पाहिजे. काम मी करीन."

साहेबानं पावती वाचली. वाचताना त्याचे डोळे एकदम स्थिर झाले, ते मला अजून आठवतं. मग त्यानं पावतीची उभी घडी घातली, त्या घडीची पुन्हा घडी, मग पुन्हा. काडीएवढी झाल्यावर नखानं दाबून ती खिशात टाकली.

"नहीं मिलेगा। और इसे गेट के सामने से हटाओ। लोग देखते हैं।"

 परत येताना एरंडोलजवळ चुडामणभाऊ म्हणाला, "मंजुळा, आपण ज्या गाडीत बसनूत ती गाडीच नही शे म्हणे. मग आपण कशामा बसनूत?"

आम्ही खूप हसलो. तेव्हा हसलो.

३

चुडामणभाऊ वाचला होता, पण शुद्धीवर आला नव्हता. दोन्ही पाय आणि कमरेचं हाड मोडलं होतं.

सोमवारी शेडमध्ये फौजदार आले. भाईदास फौजदार मूळचे शिंदखेड्याकडचे, मिशी मोठी आणि आवाज त्याहून मोठा. आधी ते म्हणाले, ड्रायव्हरची चूक, दांडी R वर ठेवून उतरला असणार. नाना म्हणाले, दांडी P वर होती, मी स्वतः पाहिली. फौजदार म्हणाले, "मिस्त्री, P वर असती तर गाडी मागं गेली असती का? की तिच्यातली बाई चालवत होती?"

बाहेर जाळीला नाक लावून उभी असलेली पोरं किंचाळत पळाली.

मग कंपनीचे तज्ज्ञ आले. फौजदारांनीच त्यांना जळगावहून बोलावलं होतं. मल्होत्रा त्यांचं नाव. दिल्लीचे, गोरे, गुळगुळीत दाढी केलेले, हसरे. त्यांनी शेठना नमस्कार केला, नानांना नमस्कार केला, आणि म्हणाले, "मैं ये गाड़ी पहली बार देख रहा हूँ।"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड मी कधीच पाहिलं नव्हतं. पण डोळे?

मल्होत्रांनी बॉनेट उघडलं, खाली वाकले, दांडी हलवली. मग डाव्या सीटसमोरचा छोटा कप्पा उघडला, आत हात घातला आणि एक कागद बाहेर काढला.

"ये देखिए।"

गॅरेजची पावती होती. वर छापलेलं 'गिरधर ऑटो गॅरेज, पारोळा रोड, धुळे'. खाली निळ्या बॉलपेननं लिहिलं होतं: 'ता. १३-१०-९४. गिअर ॲडजस्ट.'

मल्होत्रांनी फौजदारांना समजावून सांगितलं. ताकाओची गाडी अशी कधीच पळत नाही. पण बाहेरच्या मिस्त्रीनं दांडीच्या जोडात हात घातला तर काहीही होऊ शकतं. म्हणूनच कंपनी सांगते, अशा चोरवाटेनं आणलेल्या गाड्या घेऊ नका.

"चोरवाटेनं?" शेठ उसळले. "कस्टमचा प्रत्येक शिक्का आहे माझ्याकडं!"

"कस्टम का है, कंपनी का नहीं।"

नाना पावतीकडे बघत होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "पावती माझ्याच पुस्तकातली आहे," ते हळू म्हणाले. "पण हे मी लिहिलेलं नाही."

"तो आपके आदमी ने लिखा होगा।"

"माझ्याकडं माणूस नाही. ही पोरगी कधीकधी लिहिते..."

आणि सगळे माझ्याकडे वळले. गेल्या वर्षापर्यंत अशा वेळी मी नुसती मान हलवायचे. या वेळी म्हणाले, "मी नाही लिहिली. आणि मला ती पावती बघायची आहे."

"बघ, पण हात लावू नको," फौजदार म्हणाले.

कागदावर उभ्या घड्या होत्या, एक, दोन, तीन. काडीएवढ्या. जळगावला पाहिलेली तीच घडी. कोपऱ्यात छापील नंबर होता: २०९.

"मिस्त्री," फौजदार उठत म्हणाले, "उद्या सकाळी नऊला इथंच या. साहेबांचा रिपोर्ट तोवर तयार होईल. त्याच्यावर सही झाली की मला तुम्हाला ठाण्यात न्यावंच लागंल. तो ड्रायव्हर गेला, तर कलम आणखी जड होईल, हे ध्यानात ठेवा."

४

घरी नाना भिंतीला टेकून बसले. आई त्यांच्यासमोर चहा ठेवून गेली, चहावर साय आली, ती तशीच राहिली.

"नाना, तो रुमालवालाच आहे," मी म्हणाले. "घडी बघितली ना तुम्ही? तो खोटं बोलतोय."

"घडीवरून कोण ऐकणार बेटा? त्याच्या खिशाला कंपनीचं नाव आहे. माझ्या खिशाला ग्रीस आहे."

असं म्हणाले नाना! जे नुसतं ऐकून कोणत्या सिलिंडरमध्ये बिघाड आहे ते सांगतात! मला इतका राग आला की चप्पल न घालताच मी सहाव्या गल्लीत गेले.

शेडच्या भिंतीला लागून भागाबाईंचं घर आहे. त्या गच्चीवर उडदाचे पापड लाटत बसतात आणि शेडच्या वरच्या झरोक्यातून त्यांना सगळं ऐकू येतं. शनिवारी ती बाई बोलली हे पहिल्यांदा त्यांनीच गल्लीभर सांगितलं होतं. पोलिसांनी त्यांना काही विचारलंच नव्हतं. भुताची साक्ष कोण लिहून घेणार?

संध्याकाळचं ऊन उतरलं होतं. पापड गोळा करता करता त्या म्हणाल्या, "मी सांगस ना पोरी, त्या गाडीमा बाई शे. मना कानघाई आयकं मी."

"मावशी, काय बोलली ती?"

"ते मले काय समजस? पन दोन गोष्टी बोलनी. पहिले एक बोलनी. मंग चुडामणना पायना आवाज उना, गाडीना मांगे जाई राह्यना व्हता तो. मंग ती दुसरं बोलनी. मंग तो वरडना." त्यांनी पदर घट्ट ओढला. "तिनीच खादं त्याले."

"मधे दार लावल्याचा आवाज आला का? गाडीचं दार?"

"नही वं. दार नही वाजनं."

मी गच्चीच्या कठड्याला टेकले. खाली झरोक्यातून शेडचा अंधार दिसत होता आणि त्या अंधारात गाडीतलं घड्याळ हिरवं चमकत होतं. तीन दिवस गाडी कुणी चालू केली नव्हती, तरी ते चालूच होतं. मी श्वास घेतला आणि कुदासाबाईच्या आवाजात म्हणाले, "दोआ गा आइते इमास."

भागाबाईंच्या हातातले पापड खाली पडले.

मग मी म्हणाले, "पाकिंगु बुरेकी ओ मोदोश्ते कुदासाइ."

"माय वं!" त्या मागे सरकत भिंतीला चिकटल्या. "तीच! आशीच बोलनी! पहिले ते, आनि मंग हाई! पोरी, तुना आंगमा उनी का ती?"

"नाही मावशी, अंगात नाही आली," मी म्हणाले.  शनिवारी काय घडलं, ते मला आता डोळ्यांसमोर दिसत होतं.

पण त्यानं चुडामणभाऊ सुटत होता. नाना सुटत नव्हते. ती पावती मधे होती.

५

रात्रीचं जेवण कुणालाच गेलं नाही. मी कंदिलासारखा दिसणारा आमचा टेबललॅम्प घेतला आणि गॅरेजचं पावती पुस्तक उघडून बसले. नानांची प्रत्येक पावती कार्बननं खाली उतरते आणि ती खालची प्रत पुस्तकातच राहते.

मी पानं उलटत गेले. ऑक्टोबर. सप्टेंबर. २११. २१०.

२०९ ची प्रत होती. मी ती वाचली आणि तोंडावर हात ठेवला.

मग मी पुन्हा पुढे आले. २१०, २११, २१२, २१३, सगळ्यांवर तारखा. आणि त्यानंतरची २१४ ही पावती कोरी, अजून न फाडलेली. पण तिच्यावर काहीतरी होतं. लाल.

हळदीकुंकू!

"नाना!" मी एवढ्यांदा ओरडले की आईच्या हातातलं ताट वाजलं. "नाना, तेरा ऑक्टोबरला कोणता वार होता?"

"गुरुवार," नाना म्हणाले. मग त्यांचे डोळे मोठे झाले. तीन दिवसांत पहिल्यांदा ते ताठ बसले.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला शेडमध्ये आम्ही सगळे होतो. फौजदार खुर्चीवर, मल्होत्रा टाइप केलेला रिपोर्ट घेऊन, शेठ, नाना आणि दारात भागाबाई. त्या आत यायला तयार नव्हत्या.

"साहेब, सही करायच्या आधी मला पाच मिनिटं द्या," मी म्हणाले. माझ्या छातीत मोटरसायकल चालू होती, पण आवाज नीट आला.

फौजदारांनी नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "बोलू द्या तिला."

"पहिलं, चुडामणभाऊची चूक नव्हती. दार उघडं राहिलं की ही गाडी एक वाक्य बोलते. हँडब्रेक ओढलेला असताना हलली तर दुसरं. भागाबाईंनी शनिवारी आधी पहिलं ऐकलं, मग चुडामणभाऊच्या पायांचा आवाज, मग दुसरं. मधे दार वाजलं नाही. म्हणजे तो इंजिन चालू ठेवून उतरला, दार उघडंच राहिलं, आणि तो चालत गाडीच्या मागे गेला. कशाला? हे बघा, मागच्या काचेवर बांधलेली झेंडूची माळ तिथे कोपऱ्यात पडलीय, ती उचलायला. तेव्हा गाडी हलली. आणि बाईनं हँडब्रेकचं वाक्य म्हटलं, म्हणजे हँडब्रेक ओढलेलाच होता. जमिनीवर बघा ना, साहेब. चाकं फिरली असती तर फुलं चपटी झाली असती. इथे फुलं फरफटली आहेत. मागची चाकं बांधलेली असताना इंजिननं पुढची चाकं फिरवून गाडी मागे ढकलत नेली."

फौजदार खुर्चीवरून उठले, उकिडवे बसले आणि फरशीवरच्या त्या दोन केशरी रेघांवरून बोट फिरवलं.

"मग नाना म्हणतात तेच खरं," मी म्हणाले. "दांडी P वर होती. पण वर दांडी P दाखवते आणि खाली आतला गिअर P आणि R च्या मधे अडकतो. बुश झिजलं की असं होतं. गाडीतला एसी मधूनमधून आपोआप सुरू होतो; तसा तो सुरू झाला असणार, इंजिन थरथरलं आणि गिअर R मध्ये घसरला."

"वही तो मैं कह रहा हूँ," मल्होत्रा हसून म्हणाले. "मिस्त्री ने तेरह तारीख को जोड़ खोला। पर्ची है।"

"तेरा तारखेला काय होतं, माहीत आहे तुम्हाला?"

"दशहरे के एक दिन पहले। दशहरे को छुट्टी होती है, वो मुझे पता है।"

"हो ना," मी म्हणाले. "म्हणूनच तुम्ही दसऱ्याची तारीख टाकली नाही. आदल्या दिवशीची टाकली."

फौजदारांची मिशी हलली. मग ते हळूच म्हणाले, "खंडेनवमी."

"खंडेनवमी!" दारातून भागाबाई.

"साहेब, त्या दिवशी आख्ख्या धुळ्यात कोणता मिस्त्री पाना उचलतो? आमची सगळी हत्यारं पाटावर मांडून पुजलेली होती, दोरा गुंडाळलेली. दुसऱ्या दिवशी सोनं वाटल्याशिवाय नाना त्यांना बोट लावत नाहीत. आणि हत्यारांसोबत ते पावती पुस्तकही पूजेला ठेवतात." मी पुस्तक उघडून पुढे धरलं. "त्या दिवशी सगळ्यात वरची कोरी पावती ही होती, २१४. हे तिच्यावरचं हळदीकुंकू. म्हणजे २१४ च्या आधीच्या सगळ्या पावत्या तेरा तारखेआधीच फाडल्या गेल्या. २१३ अकरा तारखेची. २१० एकोणतीस सप्टेंबरची. मग २०९ तेरा ऑक्टोबरची कशी?"

शेठनी चष्मा काढला.

"आणि २०९ वर खरं काय होतं, ते इथे आहे." मी कार्बनची प्रत काढली आणि वाचली. "'ता. सत्तावीस नऊ चौऱ्याण्णव. ताकाओ शोरूम, जळगाव. गिअर दांडीचं बुश, नग एक. दांडी P वर नीट बसत नाही. धोका आहे.'"

फौजदारांनी बॉलपेनवाली पावती उचलली आणि जाळीतून येणाऱ्या उन्हात तिरकी धरली. निळ्या अक्षरांखाली, खोडून काढलेल्या पेन्सिलीच्या रेघोट्या चर पडल्यासारख्या दिसत होत्या. ते एकेक अक्षर लावत वाचत गेले. शेवटच्या शब्दांवर थांबले.

"'धोका आहे,'" ते म्हणाले. आवाज अजिबात मोठा नव्हता. "मल्होत्रासाहेब, तुम्ही तर ही गाडी काल पहिल्यांदा पाहिली होती."

मल्होत्रांच्या हातात रिपोर्टचा कागद होता. त्यांची बोटं त्याची उभी घडी घालत होती. मग आणखी एक. त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. मी फौजदारांकडे पाहिलं; त्यांची नजर त्या बोटांवरच होती.

"अगस्त में जापान से चिट्ठी आई थी," मल्होत्रा म्हणाले. "कि ये बुश कमज़ोर है। गाड़ी अपने आप पीछे जा सकती है। हमने जितनी बेचीं, सबके बदल दिए। चुपचाप। मेरे स्टोर में चालीस बुश पड़े थे।"

"चाळीस!" नाना पुढे झाले. नाना कधी कुणावर हात उचलत नाहीत, पण शेठनी त्यांचा दंड धरला. "आणि मला एक दिलं नाहीस?"

"चिट्ठी में नीचे लिखा था। जो गाड़ियाँ कंपनी के रास्ते से नहीं आईं, उनको न पार्ट देना, न ख़बर देना। दिया, तो मान लिया कि गाड़ी हमारी है। फिर सब लोग बाहर से ले आएँगे।" त्यांनी कपाळ पुसलं. "एक्सीडेंट की ख़बर आई तो मुझे आपकी पर्ची याद आई। उसमें लिखा था कि मुझे पता था।"

"एवढंच तर सांगायचं होतं रे," नाना म्हणाले. त्यांचा राग कुठे गेला कळलं नाही. आवाज नुसता थकलेला होता. "बुश नको देऊ. पण 'गाडीच्या मागं उभे राहू नका,' एवढं तोंडानं सांगायला काय लागतं?"

 मल्होत्रा गाडीकडे बघत होते. जी गाडी त्यांच्यासाठी नव्हतीच, तिच्याकडे.

७

मल्होत्रांना फौजदार जीपमधून घेऊन गेले. जाताना फौजदार माझ्याजवळ थांबले. "काय गं पोरी, मोठी होऊन कोण होणार?" मी म्हणाले, "ते ठरवायला मला अजून वेळ आहे. तुम्ही आधी रिपोर्ट बदला." नानांनी मला चिमटा काढला. फौजदार गल्ली ओलांडेपर्यंत हसत होते.

कंपनीनं शेठना एक इंग्रजी पत्र पाठवलं. शेठनी ते आम्हाला मराठीत सांगितलं: झाल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो, तथापि सदर वाहन आमच्या यादीत नसल्यामुळे त्याविषयी आम्ही काहीही म्हणू शकत नाही. फौजदारांनी ते पत्र मल्होत्रांकडून जप्त केलेल्या ऑगस्टच्या चिठ्ठीशेजारी फाइलमध्ये लावलं आहे. केस चालू आहे.

आणि दिवाळीनंतर पोस्टानं गॅरेजवर एक पुडकं आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, पत्र नाही, बिल नाही. शिक्का जळगावचा. आत कापसात गुंडाळलेलं एक काळं रबराचं बुश, बोरापेक्षा थोडं मोठं. कुणी पाठवलं, ते आजवर कळलेलं नाही. यादीत नसलेल्या गाडीला, कुणीच न पाठवलेलं बुश!

चुडामणभाऊ शुद्धीवर येऊन पायांवर उभा राहीपर्यंत नानांनी ते बसवलं नाही; बसवलं त्या दिवशी तो आला होता. दोन्ही काखांत कुबड्या, पण आला होता. तो गाडीच्या पुढच्या बाजूला उभा राहिला. मागे जायला तो तयार नव्हता. मीही नव्हते.

नाना आत बसले. इंजिन चालू केलं. दांडी R वर, D वर आणि मग P वर. या वेळी आतून 'खट' असा आवाज आला, पेटीचं कुलूप बसल्यासारखा. इतक्या महिन्यांत तो आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. नानांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

शेडमध्ये सामसूम झाली. आणि त्या सामसुमीत कुदासाबाई बोलली.

"ओत्सुकारे सामा देश्ता."

मी जागच्या जागी थिजले. हे वाक्य मला येत नव्हतं! तिची सगळी वाक्यं मला पाठ होती आणि हे तिनं आजवर एकदाही म्हटलं नव्हतं.

नाना चावीवर हात ठेवून तसेच बसले होते. मग ते हळूहळू म्हणाले, "गाडी P वर पक्की बसून बंद झाली, तरच हे वाक्य येत असणार."

म्हणजे ती मार्चमध्ये धुळ्यात आली तेव्हापासून एकदाही पक्की उभी राहिली नव्हती. शेठच्या बायको-मुलांना घेऊन ती देवळासमोर थांबायची. मी तिच्या मागच्या डिकीवर बसून चिंच खायचे. गल्लीतली पोरं तिच्या मागे लपाछपी खेळायची. आणि प्रत्येक वेळी, चावी काढल्यावर, कुदासाबाई गप्प राहायची. आम्ही तिच्या बोलण्याला घाबरत होतो. ती गप्प का राहते, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"काय म्हणाली असेल?" मी विचारलं.

चुडामणभाऊनं कुबडी सावरली. बॉनेटवर हात ठेवला, घाबरत घाबरत, जसा मारक्या बैलाच्या कपाळावर ठेवतात.

"म्हनस," तो म्हणाला, "थकनात रे भो. आते घर जा."